प्रकाशाच्या लाटा मोजताना

पावसाळ्यातील मोठ्या भरतीच्या वेळी अपोलो बंदराच्या कठड्याशी उभे राहिले असता एक मौजेचे दृश्य दिसते. भिंतीवर आदळून परतणारी लाट समुद्रावरून येणाऱ्या नव्या लाटेला भेटते. उंचवट्याला उंचवटा मिळाला की पाणी दुप्पट उसळते. उंचवट्याखाली खळगा आला की ते क्षणभर सपाट होते. तेथून थोड्याच अंतरावर १९२० पासून विज्ञान संस्थेची दगडी इमारत उभी आहे. होमी भाभा यांचे काही शिक्षण याच संस्थेत झाले. या संस्थेपासून दादर-परळपर्यंतच्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी लाटांचा हाच खेळ काळोख्या खोलीत, प्रकाशाच्या बाबतीत पाहत आले आहेत.

दोन प्रकाश मिळून काळोख

प्रकाश सरळ रेषेत जातो, आरशावरून परततो, भिंगातून वळतो, एवढे आपण शाळेत शिकतो. पदवीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी त्यापुढे जातो. प्रकाश ही लहर असेल, तर दोन प्रकाशलहरी एकत्र आल्यावर काही ठिकाणी उजेड वाढला पाहिजे आणि काही ठिकाणी चक्क काळोख पडला पाहिजे. यालाच व्यतिकरण म्हणतात. पावसाने भिजलेल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जे रंग दिसतात, ते याच कारणाने. तवंगाच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि जाडीनुसार कोठे एक रंग मावळतो, तर कोठे दुसरा उजळतो.

न्यूटनची मोजमापे, यंगचा निष्कर्ष

सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवले, की त्या दोहोंमध्ये हवेचा अतिशय पातळ थर राहतो. त्यावर प्रकाश पाडल्यास स्पर्शबिंदूभोवती उजळ व काळी वलये दिसतात. न्यूटनने या वलयांचे व्यास काळजीपूर्वक मोजले, त्यांवरून हवेच्या थराची जाडी काढली आणि १७०४ च्या आपल्या ग्रंथात ती नमूद केली. वस्तुतः न्यूटनचा कल प्रकाश कणांचा बनलेला आहे असे मानण्याकडे होता आणि ही वलये त्या मताशी सहजी जुळणारी नव्हती. तथापि, जे दिसले ते त्याने जसेच्या तसे लिहून ठेवले.

सुमारे शंभर वर्षांनी थॉमस यंग याने लहरींचा सिद्धांत मांडताना न्यूटनचीच मोजमापे हाती घेतली आणि त्यांवरून निरनिराळ्या रंगांच्या तरंगलांबी काढल्या. ते आकडे आजच्या मोजमापांशी बरेचसे जुळतात. ज्याच्या सिद्धांताला आव्हान दिले गेले, त्याच्याच नोंदी प्रतिपक्षाच्या कामी आल्या.

काळोख्या खोलीतील कसोटी

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. परळच्या एका महाविद्यालयात हा प्रयोग पाहण्याचा योग आला. सोडियमचा दिवा प्रथम तांबूस पेटतो व काही मिनिटांनी पिवळाधमक होतो. सूक्ष्मदर्शक सरकवीत विद्यार्थी एकेक वलय मोजतो. स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा. मध्येच उलटा फिरवला, तर त्याच्या आट्यांतील ढिलाई वाचनात शिरते. भिंगाच्या फुगीर बाजूची वक्रता-त्रिज्या एक मीटर असेल, तर दहाव्या काळ्या वलयाची त्रिज्या जेमतेम २.४ मिलिमीटर भरते. एवढ्याशा अंतरावरून ०.०००५८९३ मिलिमीटर ही तरंगलांबी काढायची असते. म्हणजे एका मिलिमीटरात सुमारे १,७०० लाटा!

त्या दिवशी लालबागच्या चाळीतून येणारा एक विद्यार्थी अडला होता. वलयांचे केंद्र काळे असते, असे पुस्तक सांगते. मधोमध जाडी शून्य असली, तरी खालच्या काचेवरून परतणारी लहर उलटी होते आणि वरच्या लहरीला पुसून टाकते. त्याला मात्र केंद्र उजळ दिसत होते. त्याने जर्नलमध्ये ‘काळे’ असेच लिहिले होते. अपेक्षित उत्तर सर्वांनाच ठाऊक असते. त्यावरून उलट गणित करून वाचने भरण्याचा मोह अनेकांना होतो, असे प्राध्यापकांनी सांगितले. त्यांनी तो शब्द खोडावयास लावला व दिसले तेच लिहावयास सांगितले. कारण नंतर सापडले. भिंग व काच यांच्यामध्ये धुळीचा एक कण अडकला होता, त्यामुळे केंद्राशी जाडी शून्य राहिली नव्हती.

विशेष म्हणजे, त्या कणाने उत्तर बिघडले नाही. तरंगलांबी काढताना दोन वलयांच्या व्यासांच्या वर्गांमधील फरक घेतात, त्यामुळे सर्वत्र सारखीच वाढलेली जाडी वजाबाकीत निघून जाते. दोष लपविण्याचे काही कारणच नव्हते. ही रीत चूक पचवू शकते. खोटे वाचन मात्र तिला पचत नाही.

नोंदीचे मोल

पर्जन्यमापकाजवळ उभा असलेला कर्मचारी, पीककापणी प्रयोगाचे वजन लिहिणारा ग्रामपंचायत अधिकारी, हजेरीपट भरणारे शिक्षक या सर्वांसमोर तोच मोह असतो. अपेक्षित आकडा माहीत असतो आणि दिसणारा आकडा अडचणीचा असतो. काल तालुक्याला किती पाऊस झाला हे अशा नोंदींवरूनच ठरणार असते आणि शेतकऱ्याच्या पदरी काय पडेल हेही पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असते.

शाळेत यासाठी महागडी उपकरणे नकोत. तारेच्या कडीत साबणाचा पातळ पडदा धरून ती उभी ठेवावी. पाणी खाली उतरू लागताच रंगांचे आडवे पट्टे दिसतात. मुलांना रंगांची नावे आधी सांगू नयेत. ज्याला जे दिसेल ते त्याने वहीत लिहावे. पडदा फुटण्यापूर्वी वरचा भाग काळपट झालेला एखाद्याला दिसला, तर त्याच्या नोंदीवर वर्गात अवश्य चर्चा करावी.

१९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रकाश ऊर्जेच्या पुंजांच्या रूपातही वागतो असे मांडले आणि प्रकाशाविषयीचे मत पुन्हा एकदा बदलले. आज प्रकाशाची ही दोन्ही रूपे मानली जातात. मते बदलली, न्यूटनने मोजलेल्या वलयांचे व्यास मात्र तेच राहिले.