कर्मशाळेतून शर्यतीच्या मैदानात

मोटारशर्यत म्हटली, की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर वाऱ्याच्या वेगाने धावणारी मोटार आणि ती हाकणारा धाडसी चालक एवढेच चित्र उभे राहते. त्या मोटारीमागे रात्र-रात्र जागणारे कारागीर, अभियंते, हिशेबनीस आणि ह्या सर्वांचा भार वाहणारा मालक ह्यांची आठवण सहसा कोणाला होत नाही. वस्तुतः शर्यतीचा निकाल पुष्कळदा मैदानावर लागण्यापूर्वीच कर्मशाळेत लागलेला असतो.

शर्यतीत उतरणारे संघ स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार मोटारी बनविणाऱ्या कारखान्यांच्या संघांचा. त्यांच्यामागे कारखान्याची तिजोरी असते, आणि शर्यत हा त्यांच्या जाहिरातीचा व संशोधनाचा एक भाग असतो. दुसरा प्रकार खासगी संघांचा. येथे एखादी व्यक्ती वा कुटुंब स्वतःच्या हिकमतीवर संघ उभारते, मोटार विकत घेते किंवा घडवते, जाहिरातदार मिळवते आणि नफातोटा आपल्या शिरावर घेते. कारखान्याच्या संघाला अपयश आले, तर संचालक मंडळ एक ठराव करून तो बंद करते. खासगी संघाला अपयश आले, की मालकाचे घरदार पणाला लागते.

अशा खासगी संघांची परंपरा जर्मनीत विशेष समृद्ध झाली. त्याचे एक कारण आयफेल ह्या डोंगराळ प्रदेशातील न्यूर्बुर्गरिंग हा शर्यतमार्ग होय. बेकारांच्या हातांना काम मिळावे, हाही हेतू ठेवून १९२५ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. आपल्याकडील दुष्काळी कामांची आठवण व्हावी, असाच तो प्रकार होता. १९२७ मध्ये मार्ग खुला झाला. त्याचा उत्तरेकडील वळसा पुढे कित्येक वर्षे सुमारे २३ किलोमीटर लांबीचा होता. चढउतार, दाट रान आणि असंख्य वळणे ह्यांमुळे तेथे मोटारीची आणि माणसाची एकदमच परीक्षा होई. अशा मार्गाच्या आसपासच्या गावांत शर्यतीचे वेड आणि यंत्रज्ञान ही दोन्ही सहजच रुजली.

ह्याच परिसरातील नीडरत्सिसेन नावाच्या लहानशा गावात एरिख झाकोव्स्की ह्यांची मोटार-दुरुस्तीची कर्मशाळा होती. रायपूरच्या टाटीबंध भागात मालमोटारींच्या गराड्यात हातोडी-पान्यांचा जो अखंड नाद ऐकू येतो, त्यावरून अशा व्यवसायाची कल्पना करता येईल. १९६८ साली झाकोव्स्की ह्यांनी शर्यतीसाठी संघ काढला आणि स्वतःच्या आडनावाचा पूर्वार्ध व ‘स्पीड’ हा वेगवाचक शब्द जोडून त्याला ‘झाकस्पीड’ हे नाव दिले.

आरंभी ह्या संघाने फोर्ड कंपनीच्या एस्कॉर्ट मोटारी निवडल्या. रस्त्यावर धावणारी साधी मोटार घ्यावयाची आणि नियमांच्या मर्यादेत तिचे सामर्थ्य वाढवीत न्यावयाचे, ही त्याची पद्धत. १९७४ मध्ये हान्स हायर ह्या चालकाने ह्या संघाच्या एस्कॉर्टवर युरोपीय अजिंक्यपद मिळविले, तर १९७५ व १९७६ ह्या लागोपाठच्या वर्षांत जर्मनीचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. पुढे एस्कॉर्टची जागा कॅप्री मोटारीने घेतली. तिच्या छोट्या इंजिनाला टर्बो यंत्रणा जोडलेली होती. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या जोराने एक चक्र फिरवावयाचे, त्या चक्राकडून बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची, म्हणजे अधिक हवेबरोबर अधिक इंधन जळून शक्ती वाढते, हे टर्बोचे मर्म होय. १९८१ साली क्लाउस लुडविग ह्यांनी ह्याच मोटारीवर राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले.

ह्या यशानंतर झाकोव्स्की ह्यांनी फॉर्म्युला वन ह्या सर्वोच्च श्रेणीत पाऊल टाकण्याचे ठरविले. तेथील बहुतेक खासगी संघ मोटारीचा सांगाडा स्वतः बांधीत आणि इंजिन बाहेरून घेत. झाकस्पीडने मात्र सांगाड्याबरोबर दीड लिटरचे चार नळकांड्यांचे टर्बो इंजिनही स्वतःच बनविले. १९८५ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमधील शर्यतीत जोनाथन पामर ह्या इंग्रज चालकाने ही मोटार प्रथम मैदानात उतरविली. १९८६ पासून तीन वर्षे मोटार आणि इंजिन ही दोन्ही स्वतः घडविणारे संघ ह्या श्रेणीत दोनच होते. एक इटलीचा विख्यात फेरारी, आणि दुसरा हा आयफेलच्या खेड्यातील झाकस्पीड.

परंतु ह्या अभिमानास्पद स्वावलंबनातच संघाच्या अडचणीचे मूळ होते. होंडा किंवा बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्या इंजिनाच्या संशोधनावर जे धन व मनुष्यबळ ओतीत, त्यापुढे एका कर्मशाळेची शक्ती ती किती! शर्यतीमागून शर्यत इंजिने बिघडत, मोटारी अर्ध्यावर थांबत. १९८७ च्या मे महिन्यात इमोला येथे मार्टिन ब्रंडल ह्यांनी पाचवा क्रमांक मिळविला आणि संघाच्या खाती दोन गुण जमा झाले. पाच हंगामांच्या खटाटोपात संघाची ती एकमेव गुणप्राप्ती ठरली.

१९८९ मध्ये नियमांनी टर्बो इंजिनांवर बंदी घातली आणि वर्षांच्या श्रमाने बनविलेले इंजिन एका दिवसात निरुपयोगी झाले. संघाने जपानच्या यामाहा कंपनीचे नवे इंजिन स्वीकारले. त्या वर्षी प्रत्येक शर्यतीसाठी ३९ मोटारी येत, आणि प्रत्यक्ष शर्यतीत जागा असे २६ मोटारींना. त्यामुळे शुक्रवारी सकाळी १३ मोटारींची पूर्वचाचणी घेऊन त्यांतील चारच पुढे सोडल्या जात. ह्या चाळणीतून झाकस्पीडचे बेर्न्ड श्नायडर वर्षभरात केवळ दोनदा शर्यतीपर्यंत पोहोचले, तर त्यांचे जपानी सहकारी आगुरी सुझुकी सोळाही वेळा बाहेर राहिले. वर्षाअखेरीस संघाने फॉर्म्युला वनचा निरोप घेतला. मात्र हेच श्नायडर पुढे जर्मन टूरिंग कार स्पर्धेचे पाच वेळा अजिंक्यवीर झाले. तेव्हा उणीव चालकाच्या अंगी नव्हती, हे उघड आहे.

ह्याच काळात अन्य जर्मन खासगी संघांनी निराळा मार्ग चोखाळला. कोलोनच्या क्रेमर बंधूंनी पोर्शे कंपनीची मोटार घेऊन तीत आपल्या कल्पनेने सुधारणा केल्या आणि १९७९ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. राइनहोल्ड योस्ट ह्यांच्या संघाने तर १९८४ व १९८५ अशी दोन वर्षे एकाच पोर्शे मोटारीवर तो मान मिळविला; दुसऱ्या वर्षी खुद्द पोर्शेचा कारखाना-संघ मैदानात असताना. ह्या तिन्ही विजयांत चालक म्हणून क्लाउस लुडविग सहभागी होते. पायाभूत यंत्र कारखान्याकडून घ्यावे आणि आपली बुद्धी निगा, नियोजन व बारीक सुधारणा ह्यांवर खर्च करावी, हे त्या संघांचे धोरण. झाकस्पीडलाही पुढे हीच वाट लाभली. संस्थापकांचे पुत्र पेटर झाकोव्स्की ह्यांनी अमेरिकन बनावटीच्या व्हायपर मोटारीवर २००१ व २००२ साली न्यूर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ज्या डोंगरांच्या कुशीत संघ जन्मला, तेथेच त्याला पुन्हा यश लाभले.

हिंदुस्थानात ह्या धाडसाचे पाऊल उशिरा पडले. विजय मल्ल्या ह्यांच्या मालकीचा फोर्स इंडिया संघ २००८ ते २०१८ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये होता. त्याने २०१६ व २०१७ मध्ये चौथे स्थान मिळविले. परंतु त्याची कर्मशाळा इंग्लंडमध्ये होती, आणि २०१८ साली आर्थिक अरिष्टामुळे तो दुसऱ्यांच्या हाती गेला. महाराष्ट्राच्या राजधानीचे नाव धारण करणारा ‘मुंबई फाल्कन्स’ हा खासगी संघ अधिक सावधपणे पुढे आला. २०२१ मध्ये जेहान दारूवाला व कुश मैनी ह्या भारतीय चालकांसह तो आशियाई फॉर्म्युला थ्री स्पर्धेत उतरला. १९८३ साली स्थापन झालेल्या प्रेमा ह्या अनुभवी इटालियन संघाशी त्याने सहकार्य केले. २०२२ मध्ये आर्थर लक्लेर ह्याने आशियाई, तर २०२३ मध्ये आंद्रेआ किमी आंतोनेल्ली ह्याने मध्यपूर्वेतील प्रादेशिक अजिंक्यपद ह्याच संघाकडून जिंकले. आंतोनेल्ली २०२५ मध्ये मर्सिडीज संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाला.

यशाचा हा मार्ग उसन्या अनुभवाचा आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदीच निराधार नाही. मोटारीवर नाव मुंबईचे असले, तरी विजेते चालक परदेशी आणि तंत्रज्ञानही बव्हंशी परदेशी. परंतु विद्या आधी गुरुगृही राहूनच मिळवावी लागते. भिलाईच्या पोलाद-कारखान्याचा आरंभही रशियन तंत्रज्ञांच्या साहाय्यानेच झाला होता. प्रश्न आहे तो पुढच्या पायरीचा. ह्या शर्यतींतून भारतीय अभियंते आणि कारागीर किती तयार होतात, ह्यावर त्या यशाचे खरे मोल ठरेल. झाकस्पीडच्या खाती फॉर्म्युला वनचे दोनच गुण जमा झाले. पण एका खेड्यातील कर्मशाळेने जागतिक दर्जाचे इंजिन स्वतः घडविले, ही गोष्ट गुणतक्त्यात न मावणारी आहे. उसनी मोटार विजय देते. स्वतः घडविलेले यंत्र, हरले तरी, कारागिरांची एक पिढी देऊन जाते.