मुलाण्याची सुरी आणि असाकुसातली गल्ली

सोलापूरकर लांबच्या प्रवासाला निघाला की त्याच्या बॅगेत काय असणार हे वेगळे सांगावे लागत नाही. कडक भाकरीची चळत आणि शेंगा चटणी. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावर जी भाकरी आपण कौतुकाने खातो, ती मुळात प्रवासाचीच भाकरी आहे. ज्वारी, मीठ आणि पाणी एवढाच तिचा ऐवज. पापडासारखी पातळ थापून आणि पूर्ण वाळवून ठेवली की महिनोन्‌महिने टिकते. यंदा एप्रिलमध्ये मी आणि बायको मुलीकडे टोकियोला गेलो, तेव्हा आमच्या सामानात अशा तीस भाकऱ्या होत्या. पहिले चार दिवस आम्ही त्यांच्यावर, भातावर आणि उकडलेल्या अंड्यांवर काढले.

मुलगी तिथे दोन वर्षे नोकरीला आहे. ऑफिसात ती दुपारचा डबा एकटी खाते, हे मला तिथे गेल्यावर कळले. सहकारी वाईट नाहीत. सुरुवातीला बोलवायचे, हिने प्रत्येक पदार्थाबद्दल विचारपूस केली की ओशाळायचे. शेवटी त्यांनी बोलावणे कमी केले आणि हिने विचारणे. मला हे फार लागले. त्याच आठवड्यात तिने आमच्यासाठी असाकुसा भागातल्या हलाल खाद्यफेरीत तीन जागा घेतल्या. "अब्बा, एकदा माझ्याबरोबर चालत बघा, मग बोला," असे म्हणाली. तीन तास चालणे, चार ठिकाणी खाणे, सोबत माहिती देणारी गाईड. तिथे जे कळले आणि परत आल्यावर त्यावर जे वाचले, ते इथे मांडतो.

आधी शब्दाबद्दल. 'हलाल' म्हणजे धर्माने मान्य केलेले. त्याच्या उलट 'हराम'. हे दोन्ही शब्द मराठीला परके नाहीत. आपण हरामखोर म्हणतो, निमकहराम म्हणतो, कष्टाची कमाई हलालाची म्हणतो. खाण्याच्या बाबतीतही हा विचार आपल्या गावांत जुना आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिले. त्यातल्या गावकामगारांत मुलाणा आहे. मशिदीची व्यवस्था पाहणे आणि बकरे कापणे ही त्याची कामे, आणि त्याबद्दल सुगीला त्याचा वाटा ठरलेला. जत्रेचे बकरे देवाला हिंदू घरातून जाई, त्यावर सुरी मुलाण्याची चाले आणि मटणाचे वाटे साऱ्या गावात जात. कुणाला प्रमाणपत्र लागत नसे, कारण मुलाणी कोण हे गावाला ठाऊक असे. हलालचा प्रश्न म्हणजे निम्मा पदार्थाचा आणि निम्मा ओळखीचा. ओळख संपते तिथे चिठ्ठी, शिक्का आणि गाईड सुरू होतात.

आता जपानचे. पुष्कळांना वाटते, डुकराचे मांस टाळले की झाले. डुकराचे मांस दिसते तेव्हा टाळणे सोपेच आहे. तोन्कात्सुच्या दुकानावर डुकराचे चित्रच असते. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. रामेनचा रस्सा अनेकदा डुकराची हाडे तासन्‌तास उकळून करतात. वरचे मांसाचे काप काढून मागितले तरी रस्सा तोच. ग्योझा नावाच्या मोदकासारख्या मुरडलेल्या पदार्थाच्या सारणात बहुधा डुकराचा खिमा. तळायला कधी चरबी, गोड पदार्थांत जिलेटिन, बिस्किटांत 'इमल्सिफायर', जो वनस्पतीचाही असू शकतो आणि प्राण्याचाही. पाकिटावर नुसते 'न्युकाझाई' लिहिलेले असते. जपानी कायद्याने अंडे, दूध, गहू, भुईमूग अशा ठरावीक गोष्टी ॲलर्जीसाठी पाकिटावर लिहिणे सक्तीचे आहे. डुकराचे मांस आणि जिलेटिन शिफारशीच्या यादीत आहेत, सक्तीच्या नाही. ही यादी आजारपणासाठी केलेली आहे, धर्मासाठी नाही. आपण तिचा उपयोग करून घेतो इतकेच.

दुसरी अडचण मद्याची. मिरीन हे गोडसर, तांदळापासून केलेले स्वयंपाकाचे मद्य. अस्सल मिरीनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते. आपल्याकडे आमटीत गुळाचा खडा पडतो तितक्या सहजपणे ते तिथे पडते. माशाच्या कालवणात, अंड्याच्या वड्यांत, नूडल्सच्या पाण्यातसुद्धा. साके तर आहेच. सोया सॉसचा पेच आणखी बारीक आहे. सोयाबीन आणि गहू महिनोन्‌महिने आंबवताना त्यात आपोआप थोडे अल्कोहोल तयार होते. शिवाय काही कंपन्या टिकण्यासाठी वरून घालतात, ते पाकिटावर 'शुसेई' या नावाने येते. आपोआप झालेले आणि वरून घातलेले यांत फरक करावा का, यावर मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांत एकमत नाही. नशा येण्याचा संबंधच नाही इतके अल्प आणि आंबण्याच्या ओघात झालेले असेल तर चालेल, असे अनेक जण म्हणतात. काही जण थेंबही नको म्हणतात. सोलापुरात आंबील पिऊन वाढलेल्या माणसाला पहिल्या मताची बाजू समजायला वेळ लागत नाही. आंबणे म्हटले की थोडे हे होणारच. सिरक्याला तर जुन्या काळापासून मान्यता आहे.

आमची गाईड मलेशियातून शिकायला येऊन तिथेच राहिलेली बाई होती. कामिनारीमोनच्या मोठ्या लाल कंदिलाखाली तिने आम्हाला गोळा केले आणि खाण्याआधी दहा मिनिटे तीन जपानी शब्द पाठ करून घेतले: 'बुता' म्हणजे डुक्कर, 'साके', 'मिरीन'. या शब्दांच्या चिन्हांचे कार्डही दिले. मला हा फेरीतला सर्वांत उपयोगी भाग वाटला. पुढे रामेनचे दुकान आले. कोंबडीच्या हाडांचा रस्सा, वेगळी भांडी, कोपऱ्यात नमाजापुरती जागा. जपान ज्या देशांतून सर्वांत जास्त कोंबडी आयात करतो त्यांत ब्राझील आहे, आणि ब्राझील हलाल कोंबडीचाही मोठा निर्यातदार आहे. असाकुसातला वाडगा असा अर्धे जग फिरून भरतो.

अशा फेऱ्या तिथे का उगवल्या, याचे कारण धर्मापेक्षा पर्यटनात आहे. २०१३ मध्ये जपानने मलेशिया आणि थायलंडच्या पर्यटकांना व्हिसामाफी दिली, पुढच्या वर्षी इंडोनेशियाच्या ई-पासपोर्टधारकांना सवलत दिली. त्याच २०१३ मध्ये परदेशी पाहुण्यांची संख्या पहिल्यांदा एक कोटीच्या वर गेली आणि ऑलिंपिकही टोकियोला मिळाले. दुकानदारांनी हिशेब केला. पण मुसलमान तिथे कालपरवा आले असे नाही. कोबेची मशीद १९३५ ची. तिच्या उभारणीत हिंदुस्थानी आणि तातार व्यापाऱ्यांचा पैसा होता. टोकियोत तातारांनी १९३८ साली मशीद बांधली. आजची इमारत तिच्या जागी २००० साली तुर्कस्तानच्या मदतीने उभी राहिली.

तिसऱ्या थांब्यावर आमचे घर अडले. ताकोयाकी. आपल्या आप्पेपात्रासारख्या साच्यात पिठाचे गोळे, आत ऑक्टोपसचा तुकडा. गाईड म्हणाली, "पूर्ण हलाल, निश्चिंत खा." माझी बायको दापोलीकडची. तिने खाल्ले. मी हात मागे घेतला. मुलगी दोघांकडे बघत राहिली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण ते महाराष्ट्रातच आहे. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. अरब व्यापाऱ्यांच्या समुद्रमार्गाने ती परंपरा आली. शाफई मताने समुद्रातले जवळजवळ सारेच खाता येते: माकूल, कोळंबी, खेकडा, ऑक्टोपस. सोलापूर आणि एकूण देशावरचे मुसलमान बहुतांशी हनफी. हनफी मताने पाण्यातला फक्त मासा चालतो. खेकडा आणि ऑक्टोपस नाही, आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर विद्वान अजून वाद घालतात. मलेशिया आणि इंडोनेशिया शाफई. गाईडने खोटे सांगितले नव्हते. तिच्या घरचे खरे सांगितले होते. आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली, घरात खेकडा शिजतो तेव्हा मी पिठले खातो, त्याचे कुणाला काही वाटत नाही. पण 'हलाल' लिहिलेल्या ताटातही कुणाचे हलाल हा प्रश्न उरतो, हे मला त्या गल्लीत प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

प्रमाणपत्रांचेही तसेच. जपानमध्ये सरकारी हलाल शिक्का नाही. अनेक खासगी संस्था आहेत, त्यांचे निकष वेगवेगळे. 'हलाल प्रमाणित' आणि 'मुस्लिम-स्नेही' या पाट्यांत मोठे अंतर आहे: दुसऱ्या पाटीच्या दुकानात मांस हलाल असेल, पण शेजारच्या टेबलावर बिअर असेल किंवा तळणीचे तेल एकच असेल. मला पाटीपेक्षा विचारल्यावर न चिडणारा दुकानदार जास्त भरवशाचा वाटला. एका ठिकाणी आचाऱ्याने सॉसची बाटलीच आणून हातात दिली. तोच आमचा मुलाणी.

शाकाहारी आणि जैन वाचकांसाठी इथे एक इशारा, कारण सोलापुरातून जाणाऱ्यांत तेही बरेच असतात. हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले 'दाशी' हे पाणी बहुधा वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात. मुसलमानाला ते चालते, जैनाला नाही. साध्या भाजीच्या सुपातही ते असते. शाकाहाऱ्याने बौद्ध मठांचे 'शोजिन र्‍योरी' शोधावे. त्यात मांस-मासे नाहीत आणि परंपरेने कांदा-लसूणही नाही. जेवणावर बंधने हा जपान्यांना तसा परका विचार नाही. ६७५ साली सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. पुढे अशी फर्माने अधूनमधून निघत राहिली, आणि १८७२ मध्ये मेजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर झाली तेव्हा तो संकोच उघडपणे मोडला. डुकराचे तोन्कात्सु त्यानंतरचे. आज जे 'अस्सल जपानी' म्हणून टाळावे लागते, त्यातले बरेच दीडशे वर्षांच्या आतले आहे.

फेरी संपल्यावर मुलीने ते तीन शब्दांचे कार्ड ऑफिसच्या ओळखपत्रामागे घातले. दुसऱ्या आठवड्यात तिने दोन सहकाऱ्यांना घरी जेवायला बोलावले. बायकोने कोंबडीचे सुके केले, मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी ताटात ठेवली. त्यांतल्या एकीने भाकरी मोडण्याआधी उलटसुलट करून पाहिली, मग चटणीकडे बोट दाखवून जरा संकोचाने विचारले, यात भुईमूग आहे का? तिला भुईमूग चालत नव्हता. मुलीने चटणीची वाटी उचलून लांब ठेवली आणि भाकरीत काय काय आहे ते सांगितले. ते तीनच पदार्थ होते.