इंग्रजी पत्रातील 'मिस्टर' आणि 'श्री'

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील खडवलीसारख्या गावाचा कारभार मराठीतून चालतो. तथापि परराज्यातील एखाद्या कार्यालयास वा कंपनीस प्रसंगी इंग्रजीतून लिहावे लागते. अशा वेळी मजकूर बिनचूक उतरतो. चुकतो तो मायना.

याचे कारण उघड आहे. 'रामराव', 'रामभाऊ' असा मराठीतील मान व्यक्तिनामाला जडतो. इंग्रजीतील 'मिस्टर' आडनावाकडे पाहतो. म्हणून 'मिस्टर रामचंद्र' एवढेच लिहिणे औपचारिक रूढीस धरून नाही. पाकिटावर 'मिस्टर रामचंद्र गोविंद पाटील' आणि पत्रारंभी 'डिअर मिस्टर पाटील' असे लिहावे. नाव ठाऊक नसल्यास 'डिअर सर' पुरेसे आहे. 'सर पाटील' मात्र सर्वथा अयोग्य होय. नावाआधीचा 'सर' हा ब्रिटिश किताब असून तो व्यक्तिनामास लागतो. उदाहरणार्थ, सर फिरोजशहा मेहता. 'पाटील सर' हे शाळेतच शोभते! नावामागे 'डॉक्टर' असल्यास 'मिस्टर' गाळावे.

स्वातंत्र्यानंतर भारतातील इंग्रजी पत्रव्यवहारातही 'श्री' रूढ झाले. ते निःसंकोच वापरावे. संविधानाच्या अनुच्छेद 18 नुसार राज्यसंस्थेस सैनिकी वा विद्याविषयक मानचिन्हाखेरीज किताब देता येत नाही. 'श्री' हा किताब नसून केवळ शिष्टाचार आहे. जुन्या मायन्यांत 'वेदशास्त्रसंपन्न', 'राजमान्य राजेश्री' असे भेद असत. आजही काही याद्यांत पदाधिकाऱ्यांच्या नावाआधी 'श्री' आणि शिपायाचे नाव नुसतेच आढळते. तेथे दोघांसही 'श्री' लावावे.