नवी बंदिश आणि तिला मिळणारा प्रतिसाद

अभिजात संगीत म्हणजे जुन्याचे जतन, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ख्यालगायनाच्या परंपरेत नवी रचना करणे, ती समव्यावसायिकांसमोर ठेवणे आणि तिला रचनेनेच उत्तर देणे हा व्यवहार अखंड चालत आला आहे. त्याची पद्धत मात्र वेगळी आहे.

बंदिश म्हणजे स्थायी आणि अंतरा एवढ्या अल्प शब्दांत बांधलेला रागाचा आराखडा. दुसऱ्या गायकाने ती स्वीकारली, की आपल्या गायकीनुसार तो तिचा विस्तार करतो. मैफलीत गायली जाणे हीच नव्या बंदिशीला मिळणारी पहिली दाद. प्रतिसादाचा दुसरा प्रकार म्हणजे ‘जोड’. एखाद्या विलंबित ख्यालाला साजेशी द्रुत चीज उपलब्ध नसेल, तर नंतरचा रचनाकार ती बांधतो. मूळ बंदिशीचा भाव आणि रागाचे चलन सांभाळून तिने नवे काही सांगावे, अशी अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही, तर जोड विस्मरणात जाते.

मुद्रेची भाषा

रचनाकाराची सही बंदिशीतच असते. तिला ‘मुद्रा’ म्हणतात. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ‘चतुर’, तर त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ‘सुजान’ ही मुद्रा वापरली. रातंजनकरांचे शिष्य के. जी. गिंडे ‘सुजनसुत’ झाले. जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’, तर त्यांचे शिष्य चिंतामण रघुनाथ व्यास ‘गुणिजान’. शिष्याच्या मुद्रेतूनच गुरूचे ऋण नोंदवण्याची ही रीत बोलकी आहे. जोगकंस हा आज सर्वत्र गायला जाणारा राग जगन्नाथबुवांची निर्मिती. त्याच्या नावातील ‘जोग’ प्रा. बी. आर. देवधर यांनी सुचवला, असे जाणकार सांगतात. नव्या निर्मितीला सहकलावंताचा हातभार कसा लागतो, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

कागदावरचे संगीत

भातखंडे यांच्या स्वरलेखनाने या देवाणघेवाणीला नवे साधन दिले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तार सप्तकाला वर आणि मंद्राला खाली टिंब, समेला गुणिलेची खूण. एवढ्या चिन्हांवर अनोळखी गायकही बंदिशीचा सांगाडा उभा करू शकतो. रातंजनकरांची ‘अभिनव गीतमंजरी’, कुमार गंधर्वांचा ‘अनूपरागविलास’ (१९६५), रामाश्रेय झा ‘रामरंग’ यांची ‘अभिनव गीतांजलि’ आणि प्रभा अत्रे यांची ‘स्वरांगिणी’ या संग्रहांमुळे रचना घराण्याच्या उंबरठ्याबाहेर पडल्या.

अर्थात, श्रुतींचे सूक्ष्म भेद, मींडेचा वेग आणि शब्दोच्चारातील लगाव कागदावर पुरता उतरत नाही. त्यामुळे छापील बंदिशीला गुरुमुखाची किंवा ध्वनिमुद्रणाची जोड लागतेच.

वऱ्हाडातील संदर्भ

लेखणी आणि वाणी यांचा हा संबंध चांदूर बाजार परिसराला नवा नाही. या तालुक्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बालपणीच अंध झाले होते. तरीही अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी विपुल ग्रंथरचना केली, आणि संगीत हाही त्यांच्या विवेचनाचा विषय होता. त्यांनी सांगावे आणि इतरांनी लिहून घ्यावे, यातूनच हे वाङ्मय टिकले. लिहून घेणारा नसता, तर त्यातील किती उरले असते?

हाच प्रश्न नव्या बंदिशींनाही लागू होतो. लहान गावांतील संगीतशिक्षक विद्यार्थ्यांसाठी चिजा बांधतात. त्या वहीत राहतात आणि वहीबरोबरच संपतात. कधी एखादी बंदिश पुढे जाते, पण मुद्रा गळून ती ‘पारंपरिक’ ठरते. ध्वनिमुद्रण सोपे झालेल्या आजच्या काळात हे टाळणे अवघड नाही. रचनाकाराचे नाव, राग, ताल आणि वर्ष एवढी नोंद ठेवली, तरी पुढच्या पिढीला उत्तर कोणाला द्यायचे हे कळेल. ज्या रचनेचा कर्ता अज्ञात आहे, तिच्याशी संवाद अर्धाच होतो.