गिअर का रुसला?

बालमित्रांनो, मागच्या जूनमधली गोष्ट. पहिला चांगला पाऊस झाला, मग दोन दिवस उघडीप मिळाली आणि शेतात वाफसा आला. वाफसा म्हणजे जमीन ना फार ओली, ना फार कोरडी. पेरणीची हीच खरी वेळ! पण त्या दिवशी आमच्या चौथीतली एक मुलगी वर्गात हिरमुसून बसली होती.

"काय गं, काय झालं?"

"बाई, आमचा ट्रॅक्टर गिअरच घेत नाही. नुसता करकर आवाज करतो. आबा म्हणतात, गिअरबॉक्स गेला."

तिच्या आजोबांचा ट्रॅक्टर चाळीस वर्षांहून जुना. गिअरबॉक्स खोलायचा म्हणजे मोठा खर्च, शिवाय आठ-दहा दिवस जाणार. तोवर वाफसा थोडाच थांबतो!

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेले. गावातले मिस्त्री आलेच होते. त्यांनी लगेच पाना उचलला नाही. आधी विचारलं, "आबा, इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघा बरं."

आबांनी टाकला. पहिला, दुसरा, तिसरा... सगळे गिअर अलगद पडले!

मिस्त्री हसले. "मग गिअरबॉक्स शाबूत आहे. दोष क्लचचा."

हे त्यांनी कसं ओळखलं? तुम्हीही एक गंमत करून पाहा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा. सहज जमलं ना? आता एक हात भराभर हलवत ठेवा आणि पुन्हा अडकवा. बोटांवर बोटं आपटतात! गिअरच्या दात्यांचंही तसंच होतं. इंजिन गिअरबॉक्समधली चाकं फिरवत असतं. क्लच दाबला की इंजिनाचा आणि त्यांचा संबंध तुटतो, चाकं थांबतात आणि दाते एकमेकांत बसतात. क्लच पुरता सुटलाच नाही, तर चाकं फिरतच राहतात. मग करकर होणारच.

मिस्त्रींनी चाकांना दगड लावले आणि क्लचचं पेडल हाताने दाबून पाहिलं. चांगलं चार बोटं खाली गेलं तरी ते मोकळंच! या मोकळ्या चालीला 'फ्री प्ले' म्हणतात. ती साधारण इंचभर असावी; नेमकं माप त्या-त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. चाल फार कमी झाली तर क्लच घसरतो, फार वाढली तर पुरता सुटत नाही. इथे पेडलच्या दांड्याची पिन झिजली होती. मिस्त्रींनी नवी पिन घातली, नट ढिला करून दांड्याची लांबी जुळवली आणि नट पुन्हा आवळला. अर्ध्या तासात काम फत्ते!

"इंजिन बंद असतानाही गिअर जड गेला असता तर?" मी विचारलं.

"तर मात्र आत बघावं लागलं असतं, बाई. तेल, गिअरचा दांडा, आतला फोर्क. आणि ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहिला, तर कधी क्लचप्लेट गंजून चिकटते. तेव्हाही अशीच करकर होते."

जाता जाता त्यांनी आबांच्या मुलालाही बजावलं, "जुना गिअर आहे, दादा. चालत्या ट्रॅक्टरवर बदलायचा नाही. थांबायचं, क्लच दाबायचा, तीन-चार सेकंद दम धरायचा आणि मग टाकायचा. जोर केलात तर दाते तुटतील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबांची पेरणी सुरू झाली. आमची विद्यार्थिनी मात्र वर्गात मिस्त्रींच्या थाटात सगळ्यांना बोटं अडकवायला लावत होती!

मुलांनो, ट्रॅक्टरवर एकट्याने चढायचं नाही, बरं का! ते काम मोठ्यांचं. पण सायकलची चेन अडली किंवा गणित अडलं, तर त्या मिस्त्रींना आठवा. जोर करण्याआधी एक साधा प्रश्न विचारा : नेमकं अडतंय कुठं?