ढगांत दडलेला डोंगर

सह्याद्रीत पावसाळ्यात झालेल्या विमान अपघातांविषयी बोलताना ‘खराब हवामान’ हे कारण चटकन पुढे केले जाते आणि चर्चा बहुधा तेथेच संपते. वस्तुतः ढग आणि पाऊस हे पुष्कळदा निमित्त असते, आणि आपण डोंगरापासून किती दूर व किती उंच आहोत याविषयी वैमानिकाची झालेली चुकीची समजूत हे खरे कारण असते.

७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर सुमारे ३,६०० फुटांवर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. मुंबई तेथून ८० किलोमीटरहून अधिक दूर होती. परंतु विमानतळ जवळ आला आहे, असे समजून वैमानिकाने अंधारात व ढगांत विमान खाली आणले. उपलब्ध रेडिओ साधनांवरून आपले स्थान त्याने पडताळले नाही, हा परिसर त्याच्या परिचयाचा नव्हता, आणि किमान सुरक्षित उंचीची मर्यादाही मोडली गेली, असे चौकशीत ठरले. किमान सुरक्षित उंची म्हणजे त्या टापूतील सर्वांत उंच भूभागाच्याही वर पुरेसे अंतर राखून ठरवलेली अशी पातळी, की जिच्याखाली जमीन दिसत नसताना उतरायचे नसते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे छोटे ‘अॅव्हरो’ विमानही रात्रीच्या खराब हवेत पनवेलजवळच्या किरोळी डोंगरावर आदळले, त्यात ४५ जण गेले.

लहान विमानांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. जमीन व क्षितिज डोळ्यांनी पाहत केलेले ते दृश्य उड्डाण, आणि केवळ उपकरणांवर विसंबून केलेले ते उपकरण उड्डाण. पहिल्या प्रकारचे उड्डाण चालू असताना विमान नकळत ढगांत शिरले की संकट ओढवते. २९ मे २०२२ रोजी पोखराहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे ‘ट्विन ऑटर’ विमान अशाच स्थितीत मार्ग सोडून नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यातील कड्यावर आदळले. त्यातील २२ मृतांत ठाण्याचे चौघे होते. अशा वेळी शरीरच वैमानिकाला फसवते. क्षितिज दिसेनासे झाले की तोल सांभाळण्यासाठी कानाच्या आतील द्रवावर भिस्त राहते. पण सावकाश, दीर्घ वळणात तो द्रव विमानाच्या गतीशी जुळून जातो आणि वळण चालू असल्याचे जाणवतच नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये उपकरण उड्डाणाचे शिक्षण न घेतलेल्या २० जणांवर झालेल्या प्रयोगात प्रत्येकाचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले.

उंचीमापकाचेही असेच आहे. हे उपकरण उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजून तिचा अंदाज देते. प्रमाण दाब १,०१३ हेक्टोपास्कल धरला जातो. पावसाळ्यात नाशिकच्या ओझर विमानतळावर समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब १,००३ असेल आणि वैमानिकाने उपकरणातील आकडा बदलला नसेल, तर ते प्रत्यक्षापेक्षा सुमारे पावणेतीनशे फूट जास्त उंची दाखवील. ओझरहून पश्चिमेला व नैर्ऋत्येला ब्रह्मगिरीपासून ५,४०० फुटांच्या कळसूबाईपर्यंतची शिखरे जुलै-ऑगस्टमध्ये ढगांतच असतात, हे लक्षात घेता ही तफावत किरकोळ म्हणता येत नाही. भूभागाचा नकाशा साठवलेली आणि समोरच्या डोंगराची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा १९९० च्या दशकात आली, तिने असे अपघात बरेच रोखले. मात्र ती बसवलेली असणे आणि तिचे ऐकले जाणे या भिन्न गोष्टी आहेत.

नाशिकच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात. त्या काळात मान्यवरांची छोटी विमाने व हेलिकॉप्टरे ओझर आणि त्र्यंबकेश्वरच्या परिसरात येणारच. तेव्हा वैमानिकाने उड्डाण नाकारल्यास आयोजकांनी वा पाहुण्यांनी त्याच्यावर दडपण आणू नये, कारण ओझरहून त्र्यंबकेश्वर रस्त्याने जेमतेम ५० किलोमीटरवर आहे.