मिणमिणत्या ठिपक्याचे माप

संगमनेरहून पुण्याला निघालो की बोटा, आळेफाटा मागे टाकून नारायणगाव येते. तिथून खोडदकडे वळले की शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य थाळ्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. जिल्हा पुण्याचा, पण आपल्या शिवेला लागूनच.

क्वेसार हे अशा दुर्बिणींचे जुने गिऱ्हाईक. दूरच्या दीर्घिकेच्या मध्यभागी अजस्र कृष्णविवर असते, त्यात पडणारा वायू तबकडीसारखा फिरत तापतो आणि अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त झळाळतो. ‘३सी २७३’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याचे अंतर ओळखले: सुमारे अडीच अब्ज प्रकाशवर्षे. मग जुन्या छायाचित्रांच्या काचा धुंडाळल्या, तर १८८० च्या दशकापासून तो तिथे होताच आणि त्याची चमक कमीजास्त होत होती.

हा चढउतार म्हणजेच खगोलशास्त्रज्ञांची मोजपट्टी. एखादी वस्तू आठवड्याभरात ठळकपणे उजळली, तर ती साधारण प्रकाशाच्या आठवड्याभराच्या प्रवासापेक्षा मोठी असू शकत नाही. नाहीतर अलीकडची बातमी पलीकडे पोहोचायच्या आत सगळी एकदम उजळणार कशी?

खरी गंमत वेगवेगळ्या प्रकाशात पाहिल्यावर कळते. तबकडी आत तापलेली, बाहेर निवत गेलेली, चुलीतल्या निखाऱ्यासारखी. आतून अतिनील प्रकाश येतो, बाहेरून तांबूस. कृष्णविवराजवळून निघालेल्या क्ष-किरणांचा झोत तबकडीवर पसरत जातो, तेव्हा आधी अतिनील उजळतो, मग निळा, शेवटी तांबडा. या काही तासा-दिवसांच्या उशिरावरून तबकडीचा आकार काढता येतो. मात्र बऱ्याच ठिकाणी तो सिद्धांतापेक्षा दुप्पट-तिप्पट निघतो. हिशेब कुठे चुकतो, यावर अजून एकमत नाही. रेडिओ लहरींची तऱ्हाच निराळी: त्या मुख्यतः बाहेर फेकल्या जाणाऱ्या झोतातून येतात आणि त्यांचे चढउतार महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे रेंगाळतात.

म्हणून एकच दुर्बीण पुरत नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेला भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी टिपतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. आयुकाची गिरवलीची २ मीटरची दुर्बीण दृश्य प्रकाश पाहते, खोडद रेडिओ लहरी ऐकते.

एप्रिल-मेच्या अंधाऱ्या रात्री भंडारदऱ्याला गेलात आणि कुणाकडे आठ इंची दुर्बीण असली, तर कन्या राशीत ‘३सी २७३’ शोधून पाहा. फिकट ताऱ्यासारखा ठिपका, एवढेच दिसेल. तो प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर फक्त सूक्ष्मजीव होते.